चार कासवे आणि एक टीव्ही : ‘श्रेडर्स रिव्हेंज’ घरी मांडून सगळ्यांनी मिळून खेळण्याची पद्धत

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या मराठी घरांत पुण्या-नागपुरची भाचरे-पुतणी दाखल होतात, आणि सकाळचे पोहे-जलेबी आटोपले की संध्याकाळी उन्हे उतरेपर्यंत या मुलांना कशात गुंतवायचे, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांपुढे उभा राहतो. प्रत्येकाच्या हाती फोन दिला की घर शांत होते खरे. पण मग एकाच खोलीत बसलेली चुलत-आते भावंडे एकमेकांशी चार शब्दही बोलत नाहीत. अशा दुपारींसाठी मी ज्याची मनापासून शिफारस करतो, तो ‘टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स : श्रेडर्स रिव्हेंज’ हा व्हिडिओ गेम विकत घेण्यापासून तो टीव्हीवर सुरळीत चालेपर्यंत आणि पुढे तो नीट खेळता येईपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या या लेखात क्रमाने दिल्या आहेत.

केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेयर्ड यांनी १९८४ मध्ये ही चार लढवय्यी कासवे कॉमिकमधून वाचकांपुढे आणली. १९८७ मध्ये त्यांच्यावर अ‍ॅनिमेटेड दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, ती १९९६ पर्यंत चालली, आणि कासवांचे जे हसरे, पिझ्झावेडे रूप जगभर पोहोचले ते मुख्यतः या मालिकेमुळेच. १९८९ मध्ये कोनामी या जपानी कंपनीने आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, चौघांनी एकत्र खेळायचा गेम काढला. ‘श्रेडर्स रिव्हेंज’ हा त्या मालिकेचा आणि त्या आर्केडचा थेट वारसदार आहे : कॅनडातील ट्रिब्यूट गेम्सने तो घडवला, फ्रान्सच्या डोटेमूने जून २०२२ मध्ये प्रकाशित केला, आणि मूळ मालिकेत चार कासवांना आवाज देणारे कलाकार त्यासाठी पुन्हा बोलावण्यात आले. अमेरिकेत मोठे गेम ६० ते ७० डॉलरला विकले जात असताना याची किंमत २४.९९ डॉलर ठेवण्यात आली होती. किंमत कमी असली तरी कामात कुठेही काटकसर दिसत नाही. हाताने रेखाटलेल्या पिक्सेल-चित्रांतली प्रत्येक हालचाल जीव ओतून केलेली आहे. मुख्य मुद्दा असा, की हा गेम एकट्याने खेळला तर बरा वाटतो आणि एकाच खोलीत चौघांनी खेळला तर अप्रतिम वाटतो. पुढचे सगळे निर्णय, म्हणजे पैसे कशावर खर्च करायचे, कोणते पात्र कोणी घ्यायचे, अवघडपणा किती ठेवायचा, या एका गोष्टीवरून ठरवावेत.

पहिली पायरी : खरेदी

घरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेंडो स्विच असेल तर त्या त्या स्टोअरवर हा गेम मिळतो. बहुतेक घरांत मात्र एखादा चार-पाच वर्षे जुना लॅपटॉप असतो, आणि तोही चालतो, कारण गेम द्विमितीय असल्याने त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर खाते उघडावे. तेथे किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. खाते घरातल्या मोठ्या व्यक्तीच्या नावे आणि तिच्याच ईमेलवर असावे. पुढे मुलांनी आणखी काही घ्यायचे म्हटले, तर पासवर्ड त्या व्यक्तीकडे राहिलेला बरा.

स्टीमवर दरवर्षी जूनच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत मोठे सेल लागतात. घाई नसेल तर गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवावा, म्हणजे सवलत लागताच ईमेल येतो. लॅपटॉपवर तो चालेल की नाही याची शंका असेल तर परताव्याचा नियम उपयोगी पडतो : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून गेम उतरवून झाला की पहिला टप्पा लगेच खेळून पाहावा. ‘डायमेन्शन शेलशॉक’ नावाचा जोडभाग २०२३ मध्ये आला असून त्यात दोन नवी पात्रे आणि शत्रूंच्या लाटांमागून लाटा अंगावर घेण्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. तो सुरुवातीला घेऊ नये. मूळ गेम एकदा पुरा झाल्यावर मुलांची भूक शिल्लक राहिली तर घ्यावा.

वयाविषयी एक सूचना. अमेरिकेच्या मानांकनानुसार हा गेम १० वर्षांपुढील मुलांसाठी आहे. त्यात मारामारी भरपूर आहे, पण रक्त कोठेही दिसत नाही. शत्रू पडतात आणि नाहीसे होतात, इतकेच. सात-आठ वर्षांचे मूल मोठ्यांच्या शेजारी बसून खेळत असेल तर मला त्यात हरकत वाटत नाही.

दुसरी पायरी : कंट्रोलर

खर्च खऱ्या अर्थाने करायचा तो येथे. महागडा लॅपटॉप नसला तरी चालेल, पण बिघडलेल्या बटणांचा कंट्रोलर ज्या मुलाच्या वाट्याला येईल, त्याचा सगळा खेळ ‘माझे बटणच दाबले जात नाही’ या तक्रारीत जाईल. इंदुरात जेल रोडवरच्या नॉव्हेल्टी मार्केटच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दाट दुकाने आहेत, आणि तेथे वस्तू हातात घेऊन पाहता येते हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे.

दुकानात कंट्रोलर हाती घेतल्यावर डब्यावरची चित्रे न पाहता पुढील गोष्टी तपासाव्यात. डाव्या हाताचा दिशादर्शक, म्हणजे डी-पॅड, वर-खाली दाबताना शेजारची दिशा चुकून लागत नाही ना, हे अंगठ्याने चाळवून पाहावे, कारण या गेममध्ये सरळ रेषेत चालणे आणि तिरके चालणे यांतल्या फरकावर फटका लागणे-न लागणे अवलंबून असते. काठीसारखा फिरणारा अ‍ॅनलॉग सोडून दिल्यावर तो बरोबर मध्यभागी परत यावा. तो किंचित कलंडलेला राहिला तर पडद्यावरचे कासव आपोआप एका बाजूला चालू लागते. चारही मुख्य बटणे दाबताना सारखाच जोर लागावा. ‘एक्स-इनपुट चालते का?’ हा प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारावा. विंडोजवरचे गेम ज्या पद्धतीने कंट्रोलर ओळखतात ती हीच पद्धत आहे. जुन्या पद्धतीचा कंट्रोलर आधीपासूनच घरात असेल, तर तो फेकण्याऐवजी स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर विभागात जाऊन स्टीम इनपुट सुरू करावे. बहुतेक वेळा काम भागते.

वायरवाला घ्यावा की वायरलेस, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे : चार मुलांच्या घरात वायरवाले घ्यावेत. ते स्वस्त पडतात, त्यांची बॅटरी भर खेळात संपत नाही आणि कोणता कंट्रोलर कोणाचा यावरून गोंधळ होत नाही. वायर साधारण तीन मीटरची असावी, नाही तर मुले टीव्हीला नाक लावून बसतात. लॅपटॉपला यूएसबीच्या जागा कमी असतील तर एक यूएसबी हब घ्यावा. संगणकावर हा गेम सहा जणांपर्यंत एकत्र खेळता येतो, परंतु एक्स-इनपुट एका वेळी चारच कंट्रोलर सांभाळते, आणि सहा जणांच्या गर्दीत आपले पात्र कोणते हेच लहान मुलांना कळेनासे होते. त्यामुळे चार जण खेळतील आणि बाकीचे पाळीने येतील, अशी व्यवस्था उत्तम. सुरुवातीला दोनच कंट्रोलर घेतले तरी तिसऱ्याला कीबोर्डवर खेळता येते.

तिसरी पायरी : टीव्हीला जोडणी

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा, टीव्हीच्या रिमोटवरून योग्य एचडीएमआय इनपुट निवडावा आणि लॅपटॉपवर विंडोजचे बटण व पी एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा चालू राहील असा पर्याय घ्यावा. दोन्ही पडदे चालू ठेवले तर लॅपटॉपवर उगाच भार पडतो. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचे नाव निवडावे.

यानंतर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून तो चालू करणे अत्यावश्यक आहे. आजकालचे टीव्ही चित्र अधिक सुंदर दाखवण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यामुळे बटण दाबणे व पडद्यावर हालचाल दिसणे यांच्यात क्षणभराचे अंतर पडते. बातम्या पाहताना ते जाणवत नाही. पण शत्रूचा फटका नेमक्या क्षणी चुकवायचा असतो तेव्हा तेवढ्याने घात होतो. गेम मोड चालू होताच हे अंतर कमी होते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. इंदूरच्या मे महिन्याच्या दुपारी खालून हवा न मिळालेला लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, मग गेम अडखळू लागतो. लाकडी पाट किंवा जाड पुस्तकावर ठेवला तरी पुरते.

चौथी पायरी : प्रकार, अवघडपणा आणि पात्रे

गेम सुरू केल्यावर स्टोरी आणि आर्केड असे दोन मुख्य प्रकार दिसतात. आर्केड एका बैठकीत पुरा करावा लागतो आणि त्यात मधली प्रगती राखून ठेवली जात नाही, म्हणून तो नंतरसाठी सोडावा. स्टोरीत एकूण १६ टप्पे असून शहराच्या नकाशावर कासवांची गाडी एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाते. हवे तेथे थांबता येते आणि झालेला टप्पा पुन्हाही खेळता येतो. अवघडपणाच्या तीन पातळ्यांपैकी मधली निवडावी. सर्वांत सोपी पातळी मुलांना आवडेल असे वाटते, पण तीत बटणे कशीही बडवून पुढे जाता येत असल्याने एकमेकांची मदत घेण्याची वेळच येत नाही.

पात्रांचे बळ तीन गुणांत मोजलेले आहे : हाताची पोच, वेग आणि ताकद. डोळ्यांवर निळी पट्टी बांधलेला लिओनार्डो तिन्हींत समतोल आहे, त्यामुळे जो पहिल्यांदाच कंट्रोलर हाती धरतो आहे त्याला तो द्यावा. लाल पट्टीच्या राफाएलचा फटका जबर, पण पोच तोकडी. त्याला शत्रूच्या अंगावर जावे लागते, म्हणून तो धीट मुलासाठी. जांभळ्या पट्टीचा डोनाटेलो लांब काठी चालवतो आणि सर्वांत दूरवर पोहोचतो, मात्र संथ आहे. लढाईची सवय नसलेल्या आजी-आजोबांनी किंवा आत्याने खेळायला बसावे असे वाटत असेल, तर सुरक्षित अंतरावरून मारा करणारा हाच त्यांना मानवतो. नारिंगी पट्टीचा मायकेलअँजेलो आणि वार्ताहर एप्रिल ओनील दोघे चपळ आहेत. गुरू स्प्लिंटर ताकदवान आहेत. केसी जोन्स हे सातवे पात्र कथा संपवल्यावरच खुले होते.

पात्र निवडताना हे लक्षात असू द्यावे की स्टोरी प्रकारात प्रत्येक पात्राची बळवाढ स्वतंत्रपणे, दहाव्या पातळीपर्यंत होत असते. शत्रू पाडले की गुण मिळतात आणि त्यातून आयुष्यपट्टी लांबते, जीव वाढतात, विशेष फटक्यासाठीची पट्टी एकाच्या जागी तीनपर्यंत जाते. रोज पात्रे अदलाबदल केली तर कोणीच नीट वाढत नाही आणि शेवटचे टप्पे जड जातात. म्हणून पहिल्याच दिवशी कोणाचे पात्र कोणते हे ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावावे. भांडणे निम्मी होतात.

पाचवी पायरी : लढण्याची रीत

पहिला टप्पा ‘चॅनल सिक्स’ या वृत्तवाहिनीच्या इमारतीत घडतो. तेथे खलनायक श्रेडरच्या ‘फूट क्लॅन’ या टोळीचे जांभळ्या वेशातले सैनिक कोणी टेबलामागे बसून टंकलेखन करतो आहे, कोणी पाककृतीच्या सेटवर स्वयंपाक करतो आहे, अशा अवस्थेत सापडतात, आणि कासवे जवळ येताच अंगावर धावतात. ही गंमत पाहण्यासाठी मुद्दाम थांबावे. हाच टप्पा सरावासाठी सर्वांत चांगला आहे, तेव्हा तो दोनदा खेळला तरी वेळ वाया जात नाही.

मुख्य गोष्टी चारच आहेत : फटका, उडी, चुकवणे आणि विशेष फटका. फटक्याचे बटण ओळीने दाबले की सलग फटक्यांची मालिका होते. तेच बटण दाबून धरले तर एक जोरकस प्रहार तयार होतो. दिशा दोनदा झटपट दाबली की पात्र पळू लागते, आणि उडीत पुन्हा उडीचे बटण दाबल्यास दुसरी उडी मिळते. शत्रूच्या अगदी जवळ गेल्यावर त्याला धरता येते. मग त्याला डावी-उजवीकडे आपटता येते किंवा थेट पडद्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या अंगावर, भिरकावता येते. लहान मुले हे एकदा शिकली की दुसरे काही करायला तयार होत नाहीत, आणि त्यांना तसे करू द्यावे.

नवख्यांना सर्वांत उशिरा जमते ते चुकवणे. मालिका अर्धी झालेली असतानाही चुकवण्याचे बटण चालते, हे त्यांना ठाऊक नसते. ते फटके मारतच राहतात आणि मागून आलेल्या सैनिकाचा मार खातात. सरावासाठी एक उपाय सुचवतो. पहिल्या टप्प्यातल्या मोकळ्या जागेत एकच सैनिक उरू द्यावा, त्याला मारू नये, फक्त त्याने हात उगारला की चुकवत राहावे. बोटाला तो क्षण ओळखू येऊ लागला की मगच फटक्यांकडे वळावे. प्रमुख शत्रूंपुढे हीच सवय कामास येते : त्यांचा हल्ला येताना बाजूला व्हायचे, हल्ला संपून ते सावरत असतात तेवढ्यात दोन-तीन फटके द्यायचे आणि पुन्हा दूर सरायचे. बीबॉप, रॉकस्टेडी किंवा पुढचे कोणीही असो, सलग बडवत राहणाऱ्याला ते उलटा तडाखा देतातच.

विशेष फटक्याची पट्टी मार देऊन भरते. ती भरण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शत्रूला डिवचणे. त्यासाठी स्वतंत्र बटण आहे. ते दाबले की कासव थांबून एखादी मजेशीर हालचाल करते, आणि ती हालचाल अखंड पुरी झाली तर एक पट्टी भरते. मधेच मार बसला तर ती पुरी होत नाही. त्यामुळे एका लाटेतले सगळे सैनिक पडून दुसरी लाट पडद्यावर येण्याआधीची उसंत ही त्याची योग्य वेळ होय. चौघांनी प्रत्येक उसंतीत हे केले, तर पुढच्या लाटेवर चौघांचेही विशेष फटके तयार असतात.

सहावी पायरी : पिझ्झा आणि पडलेला जोडीदार

मधूनमधून पिझ्झाचे डबे सापडतात. साध्या पिझ्झाने आयुष्यपट्टी भरते, एका वेगळ्या पिझ्झाने काही क्षण विशेष फटके हवे तितके मारता येतात, तर आणखी एकाने पात्र गरगर फिरत समोरचे सगळे उडवत जाते. साधा पिझ्झा कोणी खावा यावरून पहिल्या दिवशी प्रत्येक घरात वाद होतो. पट्टी ज्याची सर्वांत कमी त्याचा पिझ्झा, आणि तो तेथे पोहोचेपर्यंत इतरांनी सैनिक अडवून धरायचे, हा नियम खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकावा. पडद्याच्या कडेला चौघांच्या पट्ट्या दिसत असतात. कोणाची किती उरली हे मोठ्याने सांगण्याचे काम पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला द्यावे. त्यालाही खेळात भाग मिळतो.

जोडीदार कोसळला की त्याच्या जागी उलटी गिनती सुरू होते. ती संपण्याआधी कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन त्याला उठवावे लागते, आणि ते दृश्य बघण्यासारखे आहे : उठवणारा पिझ्झाचा तुकडा पडलेल्याच्या तोंडासमोर हलवतो आणि वासाने तो शुद्धीवर येतो. पण उठवणारा त्या वेळेत पूर्णपणे उघडा पडतो. त्याच्यावर एक फटका बसला की काम मोडते. म्हणून चौघांत कामे वाटलेली असावीत : जवळचा एक जण उठवायला जाईल, दुसरा त्याच्या पाठीशी उभा राहून येणाऱ्यांना थोपवेल आणि तिसरा विशेष फटका राखून ठेवून गर्दी दाटली तरच वापरेल. सगळेच धावत गेले तर सगळेच मार खातात. याशिवाय धडधाकट पात्राला आपल्या आयुष्यपट्टीतला वाटा थकलेल्या जोडीदाराला देता येतो. राफाएलसारखा सतत पुढे असणारा गडी दोन लाटांमध्ये परत येऊन हा वाटा घेऊन गेला, तर तो पडण्याची वेळच टळते. माझ्या मते साऱ्या गेमचे मर्म या पायरीत आहे, आणि एक दुपार फक्त एवढ्याच सरावाला दिली तरी ती सत्कारणी लागते.

सातवी पायरी : दडलेल्या वस्तू

टप्प्यांत डायऱ्या, व्हीएचएस कॅसेटी, किळसवाणे किडे अशा वस्तू लपवलेल्या असतात. नकाशावर भेटणाऱ्या जुन्या मालिकेतल्या पात्रांना त्या हव्या असतात आणि बदल्यात गुण मिळतात. पहिल्या फेरीत त्यांच्यामागे लागू नये. दुसऱ्या फेरीत मात्र दिसेल ती फोडता येणारी वस्तू फोडावी. प्रत्येक टप्प्याची काही जादा आव्हानेही असतात, जसे की मार न खाता टप्पा पुरा करणे. ती मोठ्या मुलांनी एकेकट्याने करण्याजोगी आहेत.

आठवी पायरी : पाहुणी मुले परत गेल्यावर

सुट्टी संपून भावंडे पांगली तरी खेळ थांबत नाही. स्टीममध्ये ‘रिमोट प्ले टुगेदर’ नावाची सोय आहे. तीत ज्याच्याकडे गेम आहे त्याने तो आपल्या संगणकावर चालू करायचा आणि दुसऱ्या गावच्या भावंडाला निमंत्रण पाठवायचे. त्या भावंडाने गेम विकत घेतलेला असण्याची गरज नसते. चित्र इंदूरहून जाते आणि बटणे पुण्याहून येतात, त्यामुळे इंदूरच्या बाजूचा अपलोडचा वेग महत्त्वाचा ठरतो. लॅपटॉप वाय-फायऐवजी केबलने राउटरला जोडावा, खेळ चालू असताना घरात कोणी मोठ्या फाइली चढवत नाही ना हे पाहावे, आणि चित्र फुटू लागले तर स्टीमच्या रिमोट प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन एका पायरीने खाली आणावे. दूरच्या खेळाडूला बटणांचा परिणाम थोडा उशिरा दिसतो, तेव्हा त्याला लांब पोचेचा डोनाटेलो द्यावा आणि जवळच्या हातघाईचे काम इंदूरकरांनी आपल्याकडे ठेवावे.